डार्लीनला किती टिप ठेवावी

माझा भाऊ वेंडेल कंजूष नाही, हिशेबी आहे. म्हणजे असं तो म्हणतो. आमच्या अमेरिकेत पंधरा-वीस टक्क्यांची रीत असताना गेली चाळीस वर्षं तो हॉटेलात दहा टक्के टिप ठेवत आलाय, आणि तेवढी वर्षं त्याच्यामागून निघताना मी वेट्रेसची नजर चुकवत आलेय.

म्हणूनच सहासष्टाव्या वर्षी हा माझा विधुर भाऊ अचानक पंधरा टक्के ठेवायला लागला, तेव्हा मला शंका आली. जुलैत गडी अठरावर गेला. दर शुक्रवारी आम्ही दोघं तळ्याकाठच्या सपर क्लबात, म्हणजे फक्त संध्याकाळी उघडणाऱ्या जुन्या हॉटेलात, तळलेले मासे खायला जातो. आमचं टेबल डार्लीन सांभाळते. नवरा सोडून गेल्याला वीस वर्षं झाली, तेव्हापासून तीही एकटीच. ती टेबलाजवळ आली की वेंडेल मान खाली घालून कोबीच्या कोशिंबिरीकडे बघत बसायचा. समोर गरम मासा असताना कोशिंबिरीकडे बघणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर प्रेमात. ताप तर नव्हता.

एका शुक्रवारी गाडीत त्याने तोंड उघडलं.

"जॉइस, रविवारी चर्चमध्ये पॅनकेकची न्याहारी आहे. डार्लीनला विचारावं म्हणतोय."

"मग विचार की! मला काय विचारतोस?"

"पण आज टिप किती ठेवू?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"अगं, कमी ठेवली तर म्हणेल, काय चिकट माणूस आहे. जास्त ठेवली तर वाटेल, पैसे टाकून बोलावतोय. तीस टक्के ठेवायचे आणि वर 'चल माझ्याबरोबर' म्हणायचं, बरं दिसतं का ते?"

आयुष्यात पहिल्यांदा तो शहाण्यासारखं बोलला, त्याचाच मला राग आला.

"वीस ठेव. वीस टक्क्यांनी आजवर कुणाची अब्रू गेलेली नाही."

"करासकट की कर वगळून?"

"वेंडेल, गाडी बाजूला घे. मी चालत जाते."

जेवण झालं. डार्लीनने नेहमीसारख्या कार्डाच्या दोन पावत्या आणून ठेवल्या, एक हॉटेलची, एक आपली. हॉटेलचीवर टिप लिहून सही करायची आणि ती टेबलावर ठेवायची, कोरी आपण न्यायची. परीक्षेतल्या पोरासारखा हाताचा आडोसा करून वेंडेलने टिप लिहिली. वीस टक्के, तेही करासकट! खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'रविवारी नऊला पॅनकेक खायला माझ्याबरोबर येशील का?' सही ठोकली आणि उरलेल्या माशाचा डबाही न घेता पळाला. डबा मी उचलला.

रविवारी त्याने शेजारच्या खुर्चीवर कोट टाकून ती अडवून ठेवली. तीन-चार जणांना नाही म्हटलं, त्यात खुद्द पाद्रीसाहेबही होते. साडेअकरा झाले, टेबलं आवरायला घेतली, तरी डार्लीन आली नाही.

"वीस जास्त झाले का गं?" त्याने हळूच विचारलं.

लहानपणापासून मी याची टर उडवत आलेय. त्या दिवशी मात्र खुर्चीवरचा त्याचा कोट मी उचलला आणि धुवायला म्हणून घरी नेला. फार वाईट वाटलं.

सोमवारी त्याचा कोट धुवायला टाकताना खिशात पावती सापडली. टिप, सही, पॅनकेक, सगळं तिच्यावर! शहाण्याने लिहिलेली पावती खिशात घातली होती आणि कोरी टेबलावर ठेवून आला होता. आमच्याकडे ही चूक प्रत्येकाच्या हातून एकदा तरी होते, आणि जो तो तोंड लपवत परत जाऊन ती निस्तरतो. पण याचं तेलही गेलं आणि तूपही गेलं. डार्लीनच्या लेखी हा माणूस शून्य टिप ठेवून पळाला होता.

मंगळवारी चार वाजता मी त्याला जवळजवळ कान धरूनच तिथे नेलं. डार्लीन रुमालांत काटे-सुऱ्या गुंडाळत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"पाचला उघडतं."

"डार्लीन, कागद... कागद चुकला गं. हा माझ्याच खिशात राहिला." वेंडेलने पावती तिच्यापुढे ठेवली, वर टिपेचे रोख पैसे ठेवले.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

"रविवार तर गेला."

"हो."

तिने पैसे उचलून एप्रनच्या खिशात टाकले. वेंडेलचा चेहरा पडला. त्याला वाटलं, टिप घेतली, विषय संपला.

"ही टिप माझ्या पायांची," ती म्हणाली. "दिवसभर उभे असतात बिचारे. ती मी कुणालाच सोडत नाही, तुलाही नाही."

"बरोबर आहे."

"आणि आता दुसरं ऐक. शून्य ठेवणारे मला महिन्याला दोन-तीन तरी भेटतात. मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालते आणि पुढचं टेबल पुसायला घेते. तुझं शून्य बघितलं आणि मागे बटाट्याच्या पोत्यावर बसून रडले मी. नऊ डॉलरसाठी कुणी रडतं का रे, वेंडेल?"

जन्मभर हिशेब केलेल्या माझ्या भावाला एवढं सोपं गणित सुटेना. मी त्याला कोपराने ढोसलं.

"नाही रडत," तो म्हणाला, आणि स्वतःच रडायला लागला.