शांत धार, बोलकी धार

सर्दीसाठी नेलेल्या माझ्या लेकीच्या, भिंगरीच्या छातीवर डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप जरा जास्तच वेळ धरला. "हृदयात बारीक मर्मर, म्हणजे ठोक्यांमध्ये फुसफुस, ऐकू येतेय. बहुधा काही नसतं. तरी गुरुवारी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेऊ."

ते 'बहुधा' पदरात घेऊन मी घरी आले आणि संध्याकाळी दुकानातून स्टेथोस्कोपच घेऊन आले. भिंगरी झोपली की आवाज पुसट. धावली, रडली की फुसफुस वाढायची. म्हणून मी तिचं धावणंच बंद केलं. अडीच वर्षांची पोर दिवसभर कडेवर! माझ्या कमरेचा काटा ढिला झाला आणि ती वैतागून दुप्पट रडायला लागली.

बुधवारी माझ्या सासऱ्यांना, अप्पांना राहवेना. त्यांनी आयुष्यभर इमारतींमध्ये पाण्याचे पाइप बसवलेत.

"उतरव तिला. आणि ते तुझं यंत्र घेऊन इकडे ये."

स्वयंपाकघरात त्यांनी नळ जेमतेम सोडला. धार काचेच्या कांडीसारखी, हलतेय की थांबलीय कळू नये अशी.

"लाव पाइपला. काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

चावी फिरली. धार थरथरली, पांढरी झाली आणि माझ्या कानात सूं सुरू झालं.

"नळ बिघडला?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"सावकाश असतं तेव्हा पाणी शाळेच्या रांगेसारखं चालतं. वेग वाढला की धक्काबुक्की. ती ऐकू येते."

"पण अप्पा, पाइपात काही अडकलं तरी आवाज येतोच ना?"

"येतो. बाहेरून मला नाही सांगता येणार. म्हणून तर उद्या जायचं. पण तोवर पोरीचा नळ कशाला बंद करतेस?"

गुरुवारी दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर लाल-निळे रंग उसळत होते. मी भिंगरीचा पाय घट्ट धरून बसले होते, अप्पा मागे उभे.

"भोक नाही, झडपा छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त जोरात वाहतं, त्याचाच आवाज. त्यात रक्ताच्या तपासणीत हिचं हिमोग्लोबिन कमी आलंय, रक्त जरा पातळ. दाट असतं तर एवढं खळखळलं नसतं. लोहाचं औषध देते."

"मग... धावू देऊ?"

"म्हणजे? थांबवलं होतं की काय?"

"चार दिवस पालखीत होत्या बाईसाहेब," अप्पा म्हणाले. मी मान खाली घातली, पण हसू काही आवरेना.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात मी तिला खाली ठेवलं. तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी तिचा हात सोडला. मग ती सुटली, चपला फटफटवत, किंचाळत, भिंतीला हात घासत पार टोकापर्यंत. बाकावरचे लोक वळून बघायला लागले.

"अगं, पकड तिला!" अप्पा म्हणाले.

"असू दे हो," मी म्हटलं आणि बाकावर टेकले.