कारभारीअण्णांच्या जीपचा अर्थ

सटाण्याच्या कारभारीअण्णांना अठ्ठ्याण्णव साली कांद्यानं काय हात दिला, अण्णांचे पाय जमिनीवर टिकेनात. त्यांनी लिलावातून एक जुनी जीप उचलली आणि थेट नाशकात, अंबडच्या कोंडाजी वायरमनच्या दारात नेऊन उभी केली. कारण होतं तसंच. पोराला, योगेशला, दोन ठिकाणांहून नकार आलेले, आणि रविवारी मखमलाबादला तिसरी मुलगी बघायची होती. हीही गेली तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, असं अण्णांनी ठरवूनच टाकलं होतं. आता मुलगी बघायला जाताना मुलगा नीटनेटका करतात. अण्णांनी जीप करायला घेतली.

"टपावर चार हॅलोजन, तीन सुरांचा हॉर्न, पंखा, टेप," अण्णांनी फर्मान सोडलं, "आन् गाडी मागं घेताना ते लेकरू रडतं ना, ते!"

"बसवतो की," कोंडाजी म्हणाला. "पण एवढ्या लोडाला फ्यूज वेगळे लागतील. आणि मुख्य म्हणजे अर्थ. बॉडी गंजलेली आहे, प्रत्येकाला स्वतंत्र काळी वायर ओढून अर्थ द्यावा लागेल. दोन दिवस जास्त जातील."

"अर्थाची काळजी तू नको करू!" अण्णांनी खिशावर थाप मारली. "अर्थ आपल्याकडं लय हाय!"

"तो नाही हो, अण्णा..."

"आन् फ्यूजबियूज राहू दे. तू डायरेक्ट मार!"

मागं उभ्या योगेशनं तोंड उघडलं आणि मिटलं. 'डायरेक्ट' ऐकलं की शहाण्या वायरमननं पक्कड खाली ठेवावी. कोंडाजीनं ठेवलीही, पण मेलं गिऱ्हाईक सोडवेना. त्यानं सगळ्या काळ्या वायरी एकाच गंजक्या स्क्रूखाली कोंबल्या आणि देवावर हवाला ठेवला.

रविवारी जीप मखमलाबादच्या मळ्यात शिरली. झेंडूच्या वाफ्यांपलीकडं, ओट्यावर मुलीकडची मंडळी उभी होती. अण्णांनी भर दुपारी सगळे दिवे लावले. दिवे नुसते मिणमिणले, आणि मागून लेकरू रडायला लागलं.

अण्णांनी दिवे बंद केले. लेकरू रडतंच. पंखा लावला, तर त्यानं सूर चढवला. चावी काढून खिशात टाकली. छे! सगळं डायरेक्ट, ते चावीला कशाला भीक घालतंय? स्विच केव्हाच वितळून चिकटला होता.

मुलीची आजी भागुबाई काठी टेकत आली. तिनं जीपमध्ये डोकावून पाहिलं. "पाहुणं, पहिल्या बायकोचं हाय का हो? काढा की बाहेर, भुकेलं आसंल लेकरू!"

ओट्यावर हशा पिकला. योगेशची मान खाली गेली ती वर येईना. धरणी पोटात घेईल तर बरं, असं अण्णांना झालं.

तेवढ्यात पदर खोचून मुलगीच बाहेर आली. दीपमाला. आयटीआय झालेली, अंबडला कारखान्यात वायरिंग करणारी. मध्यस्थानं हे सांगितलं होतं, पण अण्णा तेव्हा हॉर्नचे सूर ऐकत होते. तिनं दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची वायर सोडवली. लेकरू गप्प झालं. मग वायरींच्या गुंत्यात वाकून बघत तिनं विचारलं, "याचा अर्थ कुठं आहे?"

अण्णांच्या जिवात जीव आला. शेवटी मुद्द्यावर आली पोरगी! "अर्थ घरी हाय, पोरी! बँकेत हाय, कांद्याच्या चाळीत हाय. तू फकस्त हो म्हण!"

दीपमालानं योगेशकडं पाहिलं.

"दिलाच नाही," योगेश पुटपुटला. "मला तेव्हाच कळलं होतं."

"कळलं होतं, तर मग दिला का नाही?"



चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगा वाईट नाही, पण त्या घरात आवाजच फार, अर्थ काही दिसत नाही.

अण्णांचा तिळपापड झाला. "आमच्या घरात अर्थ नाय? आमच्या?" तसेच ते जीप घेऊन कोंडाजीकडं धडकले. "आजून एक भोंगा बसव! मखमलाबादपातुर ऐकू गेला पायजे!"

कोंडाजीनं या वेळी पक्कड उचललीच नाही. योगेश गाडीतून उतरला, दुकानातली काळी वायर आणि पॉलिश पेपर उचलला, आणि बापाला न विचारता जीपखाली शिरून गंज घासायला लागला.

"आरं, काय करतो तिथं?" अण्णा ओरडले.

"अर्थ देतोय," योगेश खालूनच म्हणाला. "तुमचं चालू द्या."