माझ्याऐवजी झिजली ती

मी एक जुनी गॅसची टाकी आहे, मित्रांनो. अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटात, हालवर नावाच्या माणसाच्या घरामागे मला जमिनीत पुरले आहे. क्रेनने मला खड्ड्यातल्या वाळूवर अलगद निजवले, तेव्हा मी थक्क झाले. वर तळी दगडासारखी गोठत होती आणि खाली मातीत चक्क ऊब होती!

मला बसवणाऱ्या डोरीनने माझ्या शेजारी एक कापडी पिशवी ठेवली. आत मॅग्नेशियम नावाच्या धातूचा गोळा होता. तो तिने तारेने मला जोडला.

हालवरला हसू आवरेना. "एवढ्या धुडाची राखण ही कांद्याची पिशवी करणार होय?"

"ओली माती लोखंड खाते, हालवर," डोरीन म्हणाली. "ही पिशवी असेपर्यंत माती हिलाच खाईल. फक्त अधूनमधून तपासून घेत जा."

मग मला मातीआड केले. कित्येक हिवाळे मी ते घर उबदार ठेवले. शेजारी कॉफी प्यायला येत आणि हालवरच्या नव्या शेगडीचे कौतुक करीत. मला वाईट वाटे, खोटे कशाला बोलू? हालवर वरचे गवत नेमाने कापी, पिशवी मात्र साफ विसरला.

एका शरदात गॅस भरायला आलेल्या माणसाने तपासणी केली. पिशवी संपली आहे, नवी घातली नाही तर टाकी गंजून गळेल, असे त्याने बजावले. हालवरने गवताकडे पाहून ते काम पुढच्या वर्षावर ढकलले.

त्याची मुलगी सिग्ने तान्ह्या बाळाला घेऊन तिथेच राहत होती. "बाबा, माझं बाळ या घरात झोपतं," ती म्हणाली. "गवत काय, परत उगवेल." तिने स्वतःच फावडे उचलले. हालवर कुरकुरत मागोमाग आला.

इतक्या वर्षांनी माझ्यावर ऊन पडले. मला भीतीच वाटत होती. एका दगडाने माझा काळा रंग खरवडला होता आणि तिथे लोखंड उघडे पडले होते. पण मित्रांनो, तिथे गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता! शेजारी पिशवीच्या चिंध्या, थोडी पांढरी भुकटी आणि तार, एवढेच उरले होते.

हालवरने टोपी काढली. "पोरी, हिने सगळं स्वतःवर घेतलं ग," तो हळूच म्हणाला.

त्याच दिवशी त्यांनी नवी पिशवी आणून माझ्याशी जोडली. बाळ उबेत झोपले.

मित्रांनो, तुमच्यासाठीही कोणीतरी गुपचूप झिजत असेल. त्याची वेळेवर विचारपूस करा. माझ्या पहिल्या सोबतिणीला मी कधी एका शब्दानेही विचारले नाही, आणि आता विचारायला ती उरली नाही.