गुणाबाई गप्प होते तिथला चढ

"चढ डोळ्यानं मोजू नको गं, त्रिशला. गुणाबाईच्या तोंडानं मोज. जितं ती गप हुईल, तितं खरा चढ. तितं बसायचं. आन् तिला सांगू नको हां, न्हाय तर मुद्दाम बोलत राहील."

हे सांगणं आमच्या सासूबाईंचं. मी त्यांना आत्ती म्हणायची. त्यांचे गुडघे दुखायचे, पण बस्तीला, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन पार्श्वनाथ भगवानांचं दर्शन घेतल्याशिवाय त्या पाण्याचा थेंब घेत नसत. आमच्या गावची बस्ती डोंगरावर. निपाणीहून आत आलं की उसाच्या वर जो टकलू डोंगर दिसतो, तोच. रोज सकाळी आत्ती, मी आणि शेजारची गुणाबाई अशा तिघी चढायचो. आत्ती जाऊन अकरा वर्षं झाली, आता आम्ही दोघी चढतो.

माझा नियम असा, की सकाळी उठल्यापासून दर्शन होईपर्यंत मौन. गुणाबाईचा तसा काही नियम नाही. ती आमच्या दारातून बोलायला सुरुवात करते आणि बस्तीच्या पायरीवर थांबते. विषय एकच, तिची सून मंगल. मंगल भाकरी जाड करते, मंगल मोबाईल बघत दूध उतू घालवते, मंगल नळ चालू ठेवते. सपाटीवर असं भरघोस चालतं. जरा चढ लागला की वाक्यं आखूड होतात. "मंगलनं काल... आमटीत... आई गं..." आणि जिथं नुसता श्वास ऐकू येतो, तिथं आम्ही आत्तींच्या वेळेपासून बसत आलो आहोत.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण अभिनंदन अडचणीत आला.

अभिनंदन माझ्या दिरांचा मुलगा. बेळगावात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार गावाकडे येऊन डोंगरावरून सायकल खाली सोडतो. त्या सायकलीला मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटी नाही. किंमत ऐकून त्याचे वडील दोन दिवस जेवले नव्हते. यंदा त्यानं डोंगरावरून सायकलींची शर्यत ठरवली. चाळीस जणांनी नावं दिली. वनखात्याची परवानगी फक्त त्या एका रविवारची. बेळगावच्या सायकल मंडळानं मात्र अट घातली होती, की कुठली वाट सोपी, कुठली अवघड हे ठरवून बोर्ड लावायचे. सोपीला हिरवा, अवघडला काळा. त्यांचा माणूस येऊन बघणार, आणि बोर्ड खोटा निघाला तर शर्यत रद्द.

"मग ठरव की," मी म्हटलं.

"काकी, तितंच तर घोळ हाय. मला सगळंच सोपं वाटतंय. मागल्या महिन्यात बँकेच्या सायबाला म्हटलं, जावा, सोपी वाट हाय. त्यो घाणेरीत जाऊन बसला. काटं काढायला दोन तास लागलं."

"फोनमध्ये चढ कळतो म्हणतात ना?"

"फोन सरासरी सांगतोय. सरासरीत कोण पडत न्हाय गं, काकी. माणूस खड्ड्यात पडतोय." मग तो माझ्यासमोर पाटावर बसला. "तू बावीस वर्सं चढतीस. खोटं बोलायचं न्हाय हा तुझा नियम. तू सांग. तुला चढ कसा कळतो?"

विचारलंच त्यानं. खोटं बोलायचं नाही, म्हणून मी सांगितलं. तो इतका हसला की परसातली मांजर पळाली. मग एकदम गंभीर होऊन वही काढून त्यानं लिहिलं: बोलणं चालू, हिरवा. बोलणं बंद, काळा.

"गुणामावशीला सांगायचं?"

"नको," मी म्हटलं. आत्तींनीच सांगून ठेवलेलं. तरी मनात एक खडा टोचलाच. न सांगणं म्हणजे खोटं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली.

डोंगरावर वाटा दोन. बांधवाट शेतांच्या बांधावरून वळसे घेत जाते, लांब पण नरम. चिरेवाट दगडाच्या जुन्या खाणीतून येते. वरून बघाल तर अगदी साधी. पहिली शंभर पावलं गवत आणि फुलपाखरं. मग करवंदीची जाळी, आणि जाळीमागं वाट अशी खाली जाते की पुढच्याची टोपीसुद्धा दिसत नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही बांधवाटेनं निघालो. मी पुढं, मागं गुणाबाई, तिच्यामागं वही घेऊन अभिनंदन. त्याला वाटलं, मावशी नेहमीसारखी सुरू होईल. पण दारातून निघाल्यापासून गुणाबाई गप्प. चिंच आली, गप्प. विहीर आली, गप्प. महादेव पाटलाची म्हैस आडवी आली, जिच्या मालकाशी तिचं तीन पिढ्यांचं भांडण, तरी गप्प. अभिनंदन घाबरून भराभर लिहीत होता. माझं मौन, त्यामुळे मी काही विचारू शकत नव्हते. मी मागं वळून बघितलं तर गुणाबाईचा डावा गाल फुगलेला.

वर बस्तीच्या नळाशी मला सगळं कळलं. गुणाबाईनं पाठ करून तोंडातली नवी कवळी काढली. वरची आणि खालची, दोन्ही मिळून एकच झाली होती. मधे शेंगदाण्याची चिक्की.

आम्ही दोघींनी चातुर्मासात मुनिमहाराजांसमोर कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गूळ सोडला होता. दिवाळी अजून यायची होती.

तिनं माझ्याकडे बघितलं. कवळी हातात, त्यामुळे बोलता येईना. नुसते हात जोडले. मी मान हलवली, नाही सांगत कुणाला. मग दर्शन घेतलं आणि माळ घेऊन बसले. एकशे आठ णमोकार होईपर्यंत मी उठत नाही. अभिनंदनला नंतर सांगू, आजचा चढ धरू नको, असं मनात ठरवलं होतं. डोळे उघडले तर दोघंही नव्हती. दुसरी वाट मोजायला अभिनंदन तिला घेऊन चिरेवाटेनं खाली गेला होता.

आता कवळी मोकळी झालेली. सकाळपासून तुंबलेलं बोलणं. आणि उतारावर दम कुणाला लागतो? गुणाबाई अर्धी चिरेवाट बसून घसरत उतरली, पण बोलणं एकदाही तुटलं नाही, असं मला नंतर कळलं. आत्तींनी चढाचं माप दिलं होतं, उताराचं नव्हे. हे अभिनंदनला कोण सांगणार?

संध्याकाळी तो रंग आणायला निपाणीला गेलेला. मी फोन लावला, त्यानं उचलला नाही. खरं सांगायचं तर, उचलला नाही याचं मला बरंच वाटलं. कारण बांधवाटेचा हिशेब का चुकला हे सांगायचं म्हणजे चिक्की सांगायची. सकाळी बघू म्हणून मी दिवे लागायच्या आत जेवून प्रतिक्रमणाला, दिवसभराच्या चुकांची क्षमा मागायला, बसले.

शुक्रवारी सकाळी चढून वर आले तर बस्तीच्या आवारात दोन बोर्ड. बांधवाटेवर काळा, त्यावर कवटीचं चित्र. चिरेवाटेवर हिरवा, खाली लिहिलेलं: 'लहान मुले व ज्येष्ठांसाठी.'

मागच्या गाडीरस्त्यानं जीप आली होती. बेळगावच्या मंडळाचे नागेंद्र साहेब हेल्मेट घालून सायकलवर बसले होते. पन्नाशीचे, चांगले भरदार, हेल्मेटचा पट्टा दोन हनुवट्यांच्या मधे अडकलेला. तोंड चिरेवाटेकडे.

"डॉक्टर म्हणालाय, हिरवंच खा," ते अभिनंदनला सांगत होते. "मग हिरव्यावरूनच जातो की! काळ्यावरनं तू जा, मारायाऽ." माराया म्हणजे कानडीत बाबा रे.

माझं दर्शन झालेलं नव्हतं. तोंडात मौन. पुढं साहेब, त्यापुढं फुलपाखरं, त्यापुढं जाळी.

मौन मोडावं का? मोडायला हवंच होतं, जीव मोठा की नियम मोठा हे मला कळतं. पण बस्तीचा दरवाजा वीस पावलांवर होता. मी धावले. लग्नानंतर पहिल्यांदा धावले. चप्पल एक इकडं, एक तिकडं. उंबऱ्यावरूनच भगवानांना हात जोडले, घंटा वाजवली, मागं वळले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "थांबा!"

माझं ओरडणं कुणालाही ऐकू आलं नाही. घरी मला भात हवा असला तर मी ताटावर चमचा वाजवते, असा माझा आवाज. नागेंद्र साहेबांचा एक पाय पेडलवर चढला.

तेवढ्यात मागं राहिलेली गुणाबाई बांधवाटेनं वर पोचली. माझा चेहरा बघितला, माझं बोट कुठं आहे ते बघितलं, आणि विचारायच्या भानगडीत न पडता तिनं तोंड उघडलं.

"थांब की रं ए मुडद्या! जातोस कुठं मरायला!"

बस्तीच्या शिखरावरची कबुतरं उडाली. जीपचा ड्रायव्हर जीपखाली गेला. नागेंद्र साहेबांनी दोन्ही ब्रेक एकदम दाबले आणि सायकलसकट सावकाश, मोठं झाड पडतं तसे, गवतात आडवे झाले.

"एनाऽयतु?" ते आडव्यानंच म्हणाले. काय झालं?

अभिनंदन त्यांना घेऊन जाळीपर्यंत चालत गेला. दोघं परत आले तेव्हा साहेबांनी हेल्मेट काढून हातात धरलं होतं.

"ही लहान मुलांची वाट?" ते म्हणाले. "कुठल्या मुलांची? माकडाच्या?"

अभिनंदनचं तोंड रडवेलं झालं. "काकी, तुझ्याच मापानं केलं गं मी. असं कसं झालं?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. चाळीस जणांची शर्यत माझ्या जिभेवर होती. खोटं बोलायचं नाही. आणि नळाशी मान हलवली होती, तीही मोडायची नाही. मी खाली बघून उभी राहिले.

"तिला काय इचारतोस?" गुणाबाई म्हणाली. पदरानं तोंड पुसलं. "मी चिक्की खाल्लती. कवळी चिकटली, म्हणून बांधवाटेला गप हुतो. गूळ सोडलाय मी. आमच्या मंगलनंच केलती चिक्की. वाटंत खाऊ म्हणून तिनंच पिशवीत घातली. आता झालं समाधान?" मग ती थबकली. "पर माझ्या गप बसण्याचा आन् तुमच्या बोर्डाचा काय संबंध रं?"

अभिनंदन आकाशाकडे बघायला लागला.

म्हणून मीच सांगितलं. आत्तींपासून सगळं. बावीस वर्षं आम्ही तिच्या बोलण्यावर चढ मोजतो, हे सांगितलं. माझा आवाज इतका बारीक झाला की नागेंद्र साहेब ऐकायला पुढं वाकले.

गुणाबाईनं कमरेवर हात ठेवले. "म्हंजे तू माझं ऐकत नव्हतीस? मंगलचं येवढं सांगितलं, तू नुसतं मोजत हुतीस?"

"ऐकत पण होते," मी म्हटलं. "दोन्ही."

"बावीस वर्सं! मला वाटलं हुतं गावात एक तरी बाई माझं ऐकून घेती." तिचे डोळे भरले होते. चिक्कीनं नव्हे. "मीटर केला माझा तुमी सासू-सुनंनी!"

मला फार वाईट वाटलं. मी तिचे हात धरले. "काय करू सांग. सांगशील ते करीन."

नागेंद्र साहेब तोवर घड्याळ बघत होते. "उद्या सकाळी परत मोजा. माझ्यासमोर, दोन्ही वाटा, चढत. बरोबर आलं तर रविवारी शर्यत. नाहीतर माझी सही नाही."

"मी न्हाय मोजून घेणार," गुणाबाई म्हणाली. अभिनंदननं डोकं धरलं. "थांब रं, रडू नको. माप व्हईल. पर उद्या ही बोलंल आन् मी मोजीन. पायथ्यापासनं बस्तीपतोर, न थांबता. गप झाली की मी वहीत लिवणार. वचन दे, त्रिशला."

"पण माझं मौन..."

"ते तुझं तू बघ."

मी वचन दिलं.

संध्याकाळभर मला दुसरं काही सुचेना. बोलायचं काय? दुसऱ्याची निंदा करायची नाही हा माझा नियम आहे. खोटं बोलायचं नाही हा आहेच. निंदा काढली आणि खोटं काढलं की डोंगर चढेपर्यंत पुरेल एवढं बोलणं माणसाजवळ उरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या घरच्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "मेथीबद्दल बोल." मेथी चिंचेपर्यंतसुद्धा पुरली नसती.

शनिवारी दिशा उजळल्यावर एकटीच चढून दर्शन घेतलं. प्रार्थना एवढीच केली, की विषय सुचू दे. मौन सोडलं आणि परत खाली उतरले. पायथ्याला अभिनंदन आणि नागेंद्र साहेब उभे होते. साहेबांनी आज हेल्मेट चालतानाच घातलं होतं. गुणाबाई दगडावर बसलेली, गुडघ्यावर वही, कानामागं पेन खोचलेलं. बोलायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं, कारण ओठ दोन्ही आत ओढून घेतले होते. तिनं पेननं मला वाट दाखवली.

मी पदर कमरेला खोचला. बांधवाटेवर पहिलं पाऊल टाकलं, आणि निंदा नाही, खोटं नाही, असं जे काही माझ्याजवळ होतं ते हळू आवाजात काढायला सुरुवात केली.

"गुणाबाई, तुझी मंगल लई गुणाची आहे बघ..."

मागं वही खाली पडल्याचा आवाज झाला. मी वळून न बघता चालत राहिले.