पांढऱ्या साडीचा उजेड

बुद्धपौर्णिमेला देवळीच्या आमच्या विहारात पहिली मेणबत्ती लावायचा मान लग्न होऊन आल्यापासून माझा. दोन हजार सात साली समितीने कॅलेंडर छापायचं ठरवलं. त्यावर मेणबत्ती लावणाऱ्या बाईचा फोटो हवा होता, आणि माझे यजमान प्रेमदास गुरुजी यांनी त्यासाठी जागृतीला निवडलं. ही जागृती शेजारच्या खोलीत भाड्याने राहायची आणि पोस्टात नोकरी करायची.

"तिचा चेहरा फोटोत चांगला येते," ते म्हणाले.

माझा कसा येतो, हे मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची हौस नव्हती.

फोटो काढणार गुरुजीच. कॅमेरा साधाच, वर्ध्याहून आणलेला. फ्लॅश मारला की पांढऱ्या साडीतली बाई पिठाच्या डब्यात पडल्यासारखी दिसायची. फ्लॅश बंद केला की सगळं हललेलं. तेव्हा भारनियमन होतंच. संध्याकाळी लाइट गेली की गुरुजी मेणबत्ती लावून मला समोर बसवायचे आणि शिकायचे. कॅमेरा हातात धरायचा नाही, तुरीच्या डाळीच्या पिशवीवर टेकवायचा. बटण दाबताना बोटाचा धक्का लागतो, म्हणून टायमर लावायचा. "हालू नको, श्वास धर," असं मला रोज बजावायचे. अर्धा उन्हाळा मी श्वास धरला. फोटो जमायला लागले, आणि कार्डात जागा करायला त्यांनी माझे सगळे फोटो पुसून टाकले. जागृतीसाठी जागा हवी होती. मला इतका राग आला की दोन दिवस भाजीत मीठ टाकलं नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, आम्ही तिघं विहारात गेलो. जागृती गुडघे टेकून मेणबत्तीपाशी बसली. दिसत होती सुंदर, मी खोटं कशाला बोलू? पण स्क्रीनवर तिचा एक गाल काळाठिक्कर आला. मला बरं वाटलं.

गुरुजींनी डोकं खाजवलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"कमला, तू तिकडून उभी राह्य. पदर पसरून. पांढऱ्यावरून उजेड पलटते."

मी उभी राहिले. पुढच्या फोटोत तिचा गाल उजळून निघाला. मी मात्र फोटोत कुठेच नव्हते. गुरुजी खूश झाले आणि आणखी एक काढू म्हणाले. टायमरचा दिवा लुकलुकायला लागला, आणि मी बाजूला सरकले.

"काऊन सरकली? उजेड गेला ना."

"मी काय चादर आहो? घरून चादर आणा अन् टांगा."

जागृती उठली, साडी झटकली.

"भाऊ, वहिनीलेच बसवा. मेणबत्ती तर त्याच लावते दरवर्षी. उजेडाले मी उभी राह्यतो."

तेवढा मोठेपणाही तिलाच सुचावा, याने माझा जीव आणखी जळला. पण मी बसले. ती माझ्या बाजूला पदर पसरून उभी राहिली. गुरुजींनी टायमर लावला. श्वास धरायचं मला कोणी सांगायला नको होतं.

नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं आणि घराघरांत लागलं. फोटो खरंच झकास आहे. ज्योत स्थिर, चेहरा दोन्हीकडून उजळलेला, साडीची चुणीन् चुणी दिसते. विहारात येणाऱ्या आनंदाबाई तर हात जोडूनच म्हणाल्या, "कमला, तुह्या डोयात किती करुणा आहे वं."

मी मान खाली घातली. त्या फोटोत माझे डोळे ज्योतीकडे नाहीत. जरा तिरपे, फोटोबाहेर, जागृती उभी होती तिकडे आहेत. कॅमेऱ्यामागे उभे असलेले गुरुजी कोणाकडे बघतात, हे मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखायला बघत होते. पुढे वर्षभर, गावाच्या भिंतीभिंतीवर, मी तेच बघत राहिले.