मडक्यातली वीज

जलज्योती महाराजांनी मडक्यात तांब्याभर पाणी ओतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, आणि पितळी कमळात बसवलेला दिवा पेटला. जयपूरच्या कॉलेजचं सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या रांगांत मालवीय नगरातल्या भक्त बायका, मागे गोपालपुऱ्याच्या होस्टेलांतली पोरं, आणि सगळ्यांचे मोबाइल वर. भिंतीला तार नाही, छपरावर सौरपट्टी नाही. नुसतं मडकं, मडक्यात पाणी आणि त्यात बुडालेल्या धातूच्या पट्ट्यांना दोन तारांनी जोडलेला दिवा. जयजयकाराने सभागृह दुमदुमलं.

“पानी माँ है, बच्चो, और बिजली उसकी बेटी,” महाराज म्हणाले. “माँ से बेटी प्रेम से माँगो. माँ मना नहीं करेगी.”

अनुश्रीने टाळ्या वाजवल्या नाहीत. आईकडे गोड बोलून मुलगी मागायला येणारा प्रत्येक जण भला असतोच असं नाही, एवढं तिला कळत होतं. ती इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. वडील कोंडिबा सैन्यात सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. बदलीमुळे घर जयपूरच्या छावणीत. पोरीचा स्वभाव पहिल्यापासून संशयी. दूधवाल्या भैयासमोरसुद्धा ती दूध हुंगून घ्यायची आणि आईची बोलणी खायची.

तिला त्या दिव्याची एवढी काळजी वाटायला कारण होतं. कॉलेजातला विद्यार्थी-अभियंत्यांचा गट दरवर्षी परदेशातल्या एखाद्या गावासाठी पाण्याचं किंवा विजेचं एक काम निवडायचा. वर्षाला एकच. यंदा मलावीतलं एक गाव ठरलं होतं. तिथल्या लहानशा दवाखान्यात चिकोंडी नावाची सुईण होती. अनुश्री तिच्याशी व्हिडिओवर बोलली होती. अंगणात बोअर होती, पण हातपंप कधीचा मोडला होता. बाळंतिणीच्या घरच्या बायका नदीवरून पाणी आणत, आणि ते संपलं की चिकोंडी त्याच बादलीत पुन्हा हात बुडवी. दिवा नसला तर टॉर्च लावून भागवीन, पण हात धुवायला पाणी द्या, असं ती म्हणाली होती. सौरपंपाचा आराखडा अनुश्रीने तिच्यासाठीच तयार केला होता.

आणि आता त्याच्या जागी मडकी जायची होती.

मडक्यांची कल्पना गटप्रमुख युवराज शेखावतची. युवराज मूर्ख असता तर प्रश्न नव्हता. तो वर्गात पहिला यायचा. त्याने महाराजांची परीक्षाही घेतली होती, आणि तीही गटाच्या रिवाजाप्रमाणे. कुठलंही काम आलं की ते शाखांना वाटून द्यायचं, ज्याने त्याने आपला तुकडा तपासायचा आणि शेवटी अहवाल एकत्र शिवायचे. इलेक्ट्रिकलवाल्यांनी पट्ट्यांना मीटर लावला, तर व्होल्ट दिसले. मेकॅनिकलवाल्यांनी मडकं रिकामं करून ठोकून पाहिलं. आत तांब्याच्या आणि जस्ताच्या पट्ट्यांखेरीज काही नव्हतं. दोन्ही अहवाल स्वच्छ निघाले, आणि दोन्ही अगदी खरे होते. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथे तर पाचही मुखं अभियंत्यांची. मडक्यांवर गाव उजळेल, पंपही चालेल, असं युवराजने ठरवूनच टाकलं.

प्रयोग संपल्यावर अनुश्री व्यासपीठाजवळ गेली. याच मडक्याला मी माझा बल्ब लावून बघू का, असं तिने नम्रपणे विचारलं.

महाराज गोड हसले. “पराया दीपक, बेटी, घट को नहीं भाता.”

आजवर बल्बला कधी आपलं-परकं केलेलं तिने पाहिलं नव्हतं. विजेला सोयरीक कळत नाही. तिथेच तिचा संशय दुप्पट झाला. पण कमळाला हळदकुंकू वाहिलेलं, दिव्यावर फुलं. पूजेतल्या दिव्याला पायांत बूट घालून कोण हात लावणार? कुणी लावलाही नव्हता.

तसंच एक मडकं तिच्या स्वतःच्या घरी होतं. तिची आई विजयमाला मालवीय नगरातल्या भजनी मंडळात जायची, तिथूनच महाराजांचा प्रसाद म्हणून ते आलं होतं. सकाळ-संध्याकाळ ती दिव्याची आरती करायची. एकच नियम होता: दर मंगळवारी कमळ आश्रमात नेऊन द्यायचं, महाराज त्याला दीक्षा देतात, आणि बुधवारी परत आणायचं. मडकं न्यायची मात्र गरज नसे. अनुश्रीला हे आधीपासून माहीत होतं, पण आईचा देव्हारा म्हणून तिने कधी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. आता ते तिच्या मनातून जाईना. वीज जर मडक्यात असेल, तर दीक्षेला दिवा कशाला जातो?

रविवारी विजयमाला देव्हारा पुसायला बसली आणि तिने पोरीला हाक मारली. अनुश्री भांडी घासता घासता तशीच ओल्या हातांनी आली. कमळ बाजूला ठेवायला तिने उचललं, मडक्यापासून सोडवलेल्या तारांची लोंबणारी टोकं मुठीत धरली, आणि दिवा लख्ख पेटला.

“अगं बया,” विजयमाला म्हणाली आणि तिने हातच जोडले. “अनू, तुझ्यात शक्ती आली बघ.”

अनुश्रीने मूठ उघडली, दिवा विझला. मिटली, पेटला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि दुपारच्या भाजीचा दुधी घेऊन आली. दोन्ही तारा तिने दुधीत खुपसल्या. दिवा पेटला.

“आई, मतलब, आता दुधीची पण आरती करायची का?”

विजयमाला हसली नाही. इतके महिने तिने त्या दिव्यापुढे नवऱ्याच्या सीमेवरच्या बदल्या टळाव्यात म्हणून, लेकीच्या परीक्षांसाठी पदर पसरला होता. तिने दुधीतल्या तारा ओढून काढल्या. मग कोरड्या आवाजात म्हणाली, “उघड ते कमळ.”

कमळात निघाला तो राजा पार्क बाजारातल्या कुठल्याही दुकानात मिळणारा बॅटरीचा बल्ब. वीज गेली तरी जळतो तो. त्याची छोटी बॅटरी त्याच्या पोटातच असते. बाहेरची दोन टोकं ओल्या कशानेही जोडली गेली की तो पेटतो. मग ते पाणी असो, हात असो की दुधी. बल्बवरचं कंपनीचं नाव तेवढं खरवडून काढलं होतं. मंगळवारच्या दीक्षेचा अर्थही उलगडला. आश्रमात महाराज दिव्यांना चार्ज करत होते.

कोणतं काम घ्यायचं यावर गट मत देणार होता, त्या निवडीच्या दिवशी महाराज भक्तांसह हजर होते. परदेशात ज्योत पेटणार म्हणून हारतुरे आणले होते. महाराजांनी ज्योत पेटवली. अनुश्री उठली आणि तिने मडक्याशिवाय दिवा पेटवून दाखवण्याची परवानगी मागितली. सभागृहात कुजबुज झाली. महाराजांच्या चेहऱ्यावरचं हसू तसूभर हललं नाही.

“जिस के मन में श्रद्धा नहीं, उस के हाथ में ज्योत नहीं टिकती,” ते भक्तांकडे वळून म्हणाले. “इस बेटी के मन में शंका है.”

बायकांनी माना डोलावल्या. त्यांच्यामधूनच विजयमाला उभी राहिली. ती सरळ व्यासपीठावर चढली.

“हिच्यात नसंल श्रद्धा. माझ्यात आहे,” ती म्हणाली. “महाराज, मला तर चालंल ना?”

महाराजांना नाही म्हणता येईना. विजयमालाने शेजारच्या पाण्याच्या पेल्यात बोटं बुडवली, मडक्यापासून तारा सोडवल्या आणि मुठीत धरल्या. दिवा पेटला. मग तिने पिशवीतून दुधी काढला, तारा त्यात खुपसल्या, आणि दिवा पुन्हा पेटला. मागच्या रांगेतली पोरं खो खो हसली. अनुश्रीने कमळ उघडून बल्ब वर धरला आणि त्याच्या पोटात काय असतं ते सगळ्यांना कळेल अशा हिंदीत सांगितलं. तिचं बोलणं संपायच्या आत महाराजांना आश्रमातल्या आरतीची आठवण झाली. हार तिथेच राहिले.

युवराजचा चेहरा पांढराफटक पडला होता. “पण मीटरवर व्होल्ट होते. मी स्वतः पाहिले.”

“होतेच,” अनुश्री म्हणाली. “आता मडक्याला पंपाची मोटर जोड, आणि मग मीटर बघ.”

प्रयोगशाळेतली खेळण्याएवढी मोटर त्याने स्वतःच्या हातांनी आणून जोडली. मोटर जागची हलली नाही आणि मीटरचा आकडा शून्याकडे घसरला. दोन धातू पाण्यात एकमेकांशेजारी ठेवले की थोडी वीज होते, धातू झिजत जातो तोवर. गच्चीवर टाकी असावी आणि तिचा नळ सुईएवढा असावा, तसली ती वीज. टाकीची उंची, म्हणजे व्होल्ट, सगळ्यांनी मोजली होती, नळ कुणी उघडलाच नव्हता. मडकं एकाने तपासलं, पट्ट्या दुसऱ्याने, आणि दिवा कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. युवराजने त्याच सभेत सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि पहिला हात सौरपंपासाठी वर केला. सौरपंपच येणार, हे चिकोंडीला त्याच दिवशी कळवलं गेलं.

घरी येताना विजयमाला रिक्षात रडली. आपल्याला वेड्यात काढलं याचा तिला राग होता, आणि आपण शेजारणींनाही मडकी घ्यायला लावली याची लाज. अनुश्रीने तिला समजावायचा प्रयत्न केला नाही. तिने नुसता आईचा हात धरून ठेवला.

पुढच्या भजनाला विजयमाला गेली. काही जणी तिच्याशी बोलेनात. एकीने तर तोंडावर विचारलं, लेकीच्या नादी लागून देव सोडलास का गं?

“देव कशाला सोडू?” विजयमाला म्हणाली. “पण देवाच्या नावानं कुणी काही हातात दिलं, तर ते उघडून बघायला देवानंच डोळे दिलेत. बघायचं नाही असं जो सांगतो, त्याच्याकडंच आधी बघायचं. आणि मी म्हणते म्हणून तरी कशाला मानताय? आपापल्या घरी जा, कमळ उघडा, आणि मग मला सांगा.”