बेमालूम काम

कापड कुठे फाटलं होतं हे ज्याचं त्यालाही सापडू नये, असं काम करायचे म्हणून बाजारात त्यांना बेमालूमकाका म्हणत. काका रफूवाले. कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे दोरे उपसायचे आणि फाटलेल्या जागी एक वर, एक खाली असे विणत न्यायचे, हे त्यांचं काम. तीस वर्षांत एक तक्रार नाही, हे ते गिऱ्हाइकाला कुणी न विचारता ऐकवत. दुकान एवढंसं, एका खिडकीचं. खिडकीजवळच्या स्टुलावर काका बसत, आणि त्या स्टुलावर दुसऱ्या कुणी बूड टेकवलेलं त्यांना खपत नसे. काकू मागे, बल्बखाली, काजं-बटणं करत.

रफूचं काम काकूंनाही येत होतं. लग्न झाल्यावर काकांनीच हौसेनं शिकवलं होतं. पण काकू पडल्या डावखुऱ्या. काकांचा टाका वळताना उजवीकडे झुके, काकूंचा डावीकडे. "डावा टाका लगेच डोळ्यांत भरतो," असा निकाल देऊन काकांनी त्यांच्या पुढ्यात बटणांचा डबा ठेवला होता. त्यालाही आता सत्तावीस वर्षं झाली होती.

गेली दोनेक वर्षं मात्र जगातला एकूण दर्जाच घसरत चालला आहे, असं काकांचं ठाम मत झालं होतं. सुया बनवणारे भोकं बारीक ठेवू लागले होते. वर्तमानपत्रवाले शाई वाचवत होते. बसच्या पाट्यांवरचे आकडे कुणीतरी मुद्दाम गिचमिड रंगवून ठेवले होते, आणि खिडकीची काच काकू नीट पुसत नव्हत्या. एकदा तर शेजारच्या दुकानाबाहेर टांगलेल्या ओव्हरकोटाला काका "या, बसा" म्हणाले. काकू पोट धरधरून हसल्या आणि मधेच हसायच्या थांबल्या.

"अहो, एकदा डोळे दाखवून या ना."

"डोळ्यांना काय धाड भरलीय? काम बघ माझं. कुणी नावं ठेवलीत?"

खरोखरच कुणी नावं ठेवत नव्हतं. काकूंनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्या रोज सकाळी डझनभर सुया ओवून पिनांच्या उशीला टोचून ठेवू लागल्या. वेळ वाचतो म्हणून काकांनी ते चालवून घेतलं. शिवाय काकूंनी एक नियम काढला. कपडा द्यायचा तो संध्याकाळीच, आणि इस्त्री करूनच. दुपारी काका आतल्या खोलीत तासभर आडवे होत, तेव्हा काकू इस्त्री करत बसत. बायकोला या वयात इस्त्रीचं वेड लागलंय, असं काका कौतुकानं सांगत.

तो नियम मोडला वकीलसाहेबांनी. त्यांच्या काळ्या कोटाला खांद्यावर भोक पडलं होतं. काम आदल्या दिवशी उशिरा संपलं होतं, आणि सकाळी काकू भाजी आणायला गेल्या असताना साहेब घाईघाईनं आले. काकांनी कोट देऊन टाकला. इस्त्रीवाचून काय अडतंय!

दुसऱ्या दिवशी साहेब परत आले. चढ्या आवाजात बोलले असते तर काकांनी निभावून नेलं असतं, पण ते हळू बोलले.

"काका, मी काल कोर्टात खिडकीपाशी उभा राहून बोलत होतो. समोरचा वकील माझ्याकडे न बघता खांद्याकडेच बघत होता. मग सगळेच बघायला लागले. हे निळं काय लावलंत?"

"निळं?" काका हसले. "साहेब, तुमच्याच कोटातला दोरा आहे. तीस वर्षांत..."

"हे बघा ना."

काकांनी कोट खिडकीशी धरला. खांदा काळा होता. त्यांनी तो जवळ घेतला, लांब धरला, उलटा केला. सगळा काळाच. साहेबांनी त्यांचं बोट धरून नेमक्या जागी टेकवलं, तेव्हा टाके हाताला लागले, पण दिसले नाहीत. काकूंनी मागून येऊन फक्त एकदा बघितलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"कंडक्टरचा कोट," त्या पुटपुटल्या.

मग काकांच्या लक्षात आलं. त्या दिवशी टेबलावर दोन कोट होते, एक वकिलाचा काळा आणि एक बसच्या कंडक्टरचा गडद निळा. काकांनी दोरे उपसले ते कंडक्टरच्या कोटातून. नवशिक्याही अशी चूक करत नाही. रफूवाला आधी दोरा बघतो, मग भोक.

साहेब दोन दिवसांची मुदत देऊन गेले. चूक कुणाचीही होते, अशी काकांनी मनाची समजूत घालून पाहिली. पण चूक दाखवून दिल्यावरही ती दिसू नये, हे काही त्यांच्या गळी उतरेना. त्यांना भीती वाटली, आणि ती वाटतेय हे त्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं सांगितलं.

"अगं, डोळे गेले तर मी करू काय? मला दुसरं काही येतं का?"

"आधी दाखवू तरी," काकू म्हणाल्या आणि चपला घालून उभ्या राहिल्या.

चष्म्याच्या दुकानात काकांच्या आधी एक आजोबा तपासणीला बसले होते. ते तक्त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचत होते, आणि काका बाकावर बसून ती पाठ करत होते. पाठांतर त्यांचं लहानपणापासून चांगलं. आपली पाळी आल्यावर त्यांनी चौथी ओळ घडाघडा म्हणून दाखवली. तपासणाऱ्या बाईंनी सरळ तक्ता उलटला.

"आता ही वाचा."

काकांना सगळ्यात वरचं एक अक्षर आलं, तेही अंदाजानं. कोपऱ्यात बसलेल्या काकूंनी पदर तोंडाला लावला.

मग बाईंनी त्यांच्या नाकावर एक जडशी चौकट चढवली आणि काचा बदलत गेल्या. हे बरं की ते बरं, हे की ते. बऱ्याच काचा झाल्यावर म्हणाल्या, "डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात दिसतेय. रंगांत गल्लत होते ती त्यामुळेही. ते डॉक्टर बघतील, घाबरायचं कारण नाही. उजवा चांगला आहे. आता जवळचं काहीतरी बघा."

जवळ काय बघायचं? काकांनी हात दुमडून स्वतःच्याच बाहीचं कोपर पुढे घेतलं. ते गेल्या थंडीत फाटलं होतं आणि त्यांनीच दुरुस्त केलं होतं.

कापडाचा धागा न् धागा दिसला. काकांना इतका आनंद झाला की ते बाईंना काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात त्यांना टाक्यांची वळणं दिसली. एकूण एक वळण डावीकडे झुकलेलं होतं.

त्यांनी बाही फिरवून पाहिली. मग चौकट सावरत काकूंकडे पाहिलं.

"हे कोपर कुणी केलं?"

"तुम्हीच की."

"माझ्याकडे बघून सांग."

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमचं उसवून परत केलं. टाके सुटत होते."

"आणि बाकीचं? लोकांचं?"

"तेही. दुपारी. तुम्ही झोपलात की."

"कधीपासून?"

"त्या ओव्हरकोटाला या-बसा म्हणालात ना, तेव्हापासून."

काकांना आधी राग आला. मग दोन वर्षं आपण गिऱ्हाइकांना काय काय ऐकवलं ते आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. पण सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ते कोपराकडे बघत राहिले, खोट शोधत राहिले. बाईंनी दोनदा खाकरून पाहिलं. खोट मिळाली नाही. वळण सोडलं तर ते काम बेमालूम होतं, आणि वळण ओळखणारा बाजारात एकच माणूस होता, ज्याला ते दिसत नव्हतं.

घरी जाताना रस्ता ओलांडायची वेळ आली तेव्हा काकांनी काकूंचा दंड धरला.

चष्मा दुसऱ्या दिवशी मिळाला. काकांनी दुकान उघडलं, खिडकीची काच निरखली आणि ती लख्ख होती हे मनातल्या मनात कबूल केलं. मग वकीलसाहेबांचा कोट खिडकीपाशी ठेवला, बटणांचा डबा उचलला आणि बल्बखाली जाऊन बसले.

काकू दारातच थबकल्या. "हे काय? आता तर चष्मा आलाय."

"आलाय म्हणूनच. बस तिथे."

"त्या स्टुलावर?"

"मग काय जमिनीवर?"

"अहो, डावा टाका..."

"दोन वर्षांत कुणाच्या डोळ्यांत भरला?"

काकू स्टुलाच्या अगदी कडेवर टेकल्या, पाहुण्यांच्या घरी बसावं तशा. त्यांनी काळा कोट मांडीवर घेतला, निळे टाके उसवले, आतल्या शिवणीतून एक दोरा उपसला आणि उजेडात धरून पाहिला. मग सवयीनं पिनांच्या उशीकडे हात नेला. आज सुया ओवलेल्या नव्हत्या.

"आण इकडे," काका म्हणाले.

त्यांनी चष्मा नाकावर वर ढकलला आणि दोरा एका झटक्यात ओवला. मग उठून खिडकीशी गेले आणि सुई काकूंच्या डाव्या हातात दिली.